राष्ट्रपतींचे अभिभाषण, सरकारी खर्च व उजवे मत : कर्जत-खालापूरच्या इतिहासाच्या कसोटीवर

१

भारतीय संविधानाच्या ८७ व्या कलमान्वये राष्ट्रपती संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अभिभाषण करतात. मूळ तरतुदीप्रमाणे ते प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी व्हावयाचे होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या व दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनापुरते मर्यादित झाले. वाणी राष्ट्रपतींची, पण शब्द मंत्रिमंडळाचे, असे या भाषणाचे स्वरूप आहे. त्यानंतर आभारप्रदर्शनाचा प्रस्ताव येतो, विरोधी सभासद त्यावर उपसूचना मांडतात, आणि मग ११२ व्या कलमान्वये वार्षिक अंदाजपत्रक सादर होते. म्हणजे काय करावयाचे हे आधी सांगितले जाते. त्याला किती पैसा लागेल व तो कोणाच्या खिशातून येईल हे मागाहून कळते.

संकल्प आणि हिशेब यांमधील या अंतरावर स्वातंत्र्योत्तर काळात ज्या मताने सातत्याने बोट ठेवले, त्याला पुराणमतवादी किंवा उजवे मत म्हणण्याची रीत आहे. धार्मिक सनातनीपणाशी येथे कर्तव्य नाही. राज्यसंस्थेने मोजकेच काम अंगावर घ्यावे, कर हलके असावेत, सरकारने ऐपतीबाहेर खर्च करू नये आणि उद्योगधंदा व्यक्तीच्या उपक्रमशीलतेवर सोडावा, हे त्या मताचे सार. या मताचे मूल्यमापन बहुधा त्याच्या पुढाऱ्यांच्या भाषणांवरून होते. परंतु सरकारी पैसा आणि खाजगी भांडवल यांचा संबंध प्रत्यक्षात कसा होता, हे जेथे सव्वाशे-दीडशे वर्षे सलग पाहता येते अशा एखाद्या प्रदेशावर ते घासून पाहणे अधिक उपयुक्त होय. बोरघाटाच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे दोन तालुके आणि त्यांना लागून असलेले पाताळगंगेचे खोरे हा असा प्रदेश आहे.

२

या मताची सुसंगत मांडणी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी झाली. योजनेतील सरकारी खर्च ४,८०० कोटी रुपयांचा होता आणि त्यापैकी १,२०० कोटी, म्हणजे चौथा हिस्सा, तुटीच्या अर्थभरण्याने उभा करावयाचा होता. योजनेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात प्रा. बी. आर. शेनॉय यांनी १९५५ साली भिन्नमतपत्रिका जोडली. देशातील बचतीला जेवढे पेलेल तेवढीच योजना असावी; त्यापलीकडचा खर्च नव्या चलनाने भागविला तर भाववाढ होईल आणि तिचा भार गरिबांवर पडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५७-५८ साली परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा या पत्रिकेचे स्मरण अनेकांना झाले.

१९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही संस्था काढली. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी शेतीचा ठराव केला, आणि त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, एन. जी. रंगा, मिनू मसानी, कन्हैयालाल मुनशी प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष स्थापिला. त्याचे संस्थापक अधिवेशन मुंबईत भरले. १९६२ च्या निवडणुकीत पक्षाला लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या. १९६७ साली ४४ जागा मिळवून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. संसदेत मसानी हे या मताचे प्रमुख प्रवक्ते होते. करांचे वाढते ओझे, तुटीचा अर्थभरणा, परकीय कर्जावरील भिस्त आणि राजाजींनी ज्याला ‘परमिट-लायसन्स राज्य’ म्हटले ती परवान्यांची पद्धत, हे त्यांच्या टीकेचे मुख्य विषय.

मात्र या मताला महाराष्ट्रात मूळ धरता आले नाही. पक्षाचा जन्म मुंबईत झाला, तरी १९६२ व १९६७ या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्रातून त्याचा एकही सभासद लोकसभेवर गेला नाही. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात तर प्रबळ विरोधक होता तो शेतकरी कामगार पक्ष, आणि सरकारने कमी करावे ही त्याची मागणी कधीच नव्हती. याचे कारण केवळ प्रचाराच्या उणिवेत शोधून भागणार नाही. ते प्रदेशाच्या अनुभवातच शोधले पाहिजे.

३

पहिला अनुभव रेल्वेचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनची खाजगी कंपनी. १८४९ च्या कराराने तिच्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली व जमीनही विनामूल्य दिली. १८५६ साली गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट उतारूंना पालखीतून वा गाडीतून ओलांडावा लागे. जेम्स बर्कली या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे १८५६ मध्ये सुरू झालेले बोरघाटाचे काम १८६३ साली पुरे झाले. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर, असा त्याचा पसारा होता. पटकीसारख्या साथींत किती मजूर दगावले याचा हिशेब भागधारकांच्या ताळेबंदात येण्याचे कारण नव्हते.

या पद्धतीत खर्च करणारा एक व तोटा सोसणारा दुसरा अशी विभागणी झाली. उत्पन्न अपुरे पडले तर पाच टक्क्यांची भर हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा व मिठावरील कर भरणाऱ्या रयतेकडून व्हावयाची. लॉर्ड लॉरेन्स हे काही समाजवादी नव्हते. तरीही व्हाइसरॉय असताना त्यांनी नफा कंपन्यांचा व नुकसान सरकारचे अशा शब्दांत या व्यवस्थेवर कठोर टीका केली. पुढे १९०० साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली, आणि १९२५ साली तिचा कारभारही हाती घेतला. खाजगी मालकी असली की काटकसर आपोआप येते, या समजुतीला बोरघाटाचा इतिहास पुष्टी देत नाही. हमी मिळालेले भांडवल काटकसरी राहत नाही, एवढेच तो सांगतो.

दुसरा अनुभव विजेचा. जमशेदजी टाटांच्या कल्पनेतून निघालेली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० साली स्थापन झाली. तिचे भांडवल मुख्यतः हिंदी लोकांनी व संस्थानिकांनी पुरविले. व्याजाची हमी कोणी दिली नव्हती. लोणावळा, वळवण व शिरोटा येथे अडविलेले पाणी सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस आणून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. उजव्या मताला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण : धोका भागधारकांचा, उपक्रम त्यांचा, आणि लाभ सबंध शहराचा.

परंतु याच परंपरेतील तिसऱ्या प्रकल्पाने चित्राची दुसरी बाजू पुढे आणली. भिऱ्याच्या वीजकेंद्रासाठी मुळशी येथे धरण बांधावयाचे होते आणि मावळातील पन्नासाच्या आसपास गावांची जमीन हवी होती. बाजारभावाने, राजीखुशीने ती मिळेना, तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीस आला. १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला तो या सक्तीविरुद्ध होता. मालमत्तेच्या हक्काची बाजू तेथे मावळ्यांनी लढविली. खाजगी उद्योगाच्या बाजूस उभी होती ती सरकारची सत्ता. भांडवल सरकारचे नव्हते, पण जमीन सरकारच्या जोरावर मिळालेली होती.

विजेचे मनोरे कर्जतच्या रानातून गेले ते मुंबईकडे. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने हेच मनोरे पाडून शहराचा वीजपुरवठा तोडण्याचा प्रयत्न केला, आणि जानेवारी १९४३ मध्ये सिद्धगडावर कोतवाल हुतात्मा झाले. पुढे भिवपुरीच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याच्या कालव्याने कर्जतच्या शेतांत फिरले व उन्हाळी भात पिकू लागले. खाजगी कंपनीला नको असलेले पाणी सरकारी कालव्याने शेतकऱ्याला दिले. एकट्या कंपनीने ते दिले नसते, आणि एकट्या सरकारने ते वीजकेंद्र तेव्हा उभारले नसते.

तिसरा अनुभव सार्वजनिक क्षेत्राचा. मूलभूत रसायने देशातच तयार व्हावीत म्हणून १९६० साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापिली आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनी येथे तिचा कारखाना उभा राहिला. अभिभाषणांतून अभिमानाने सांगाव्या अशा उद्योगांपैकी तो एक. तोट्याची वर्षे मागोमाग येत गेली आणि २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. शेनॉय-मसानींच्या अनुयायांना हा आपल्या मताचा विजय वाटल्यास नवल नाही. तथापि एक फरक नोंदला पाहिजे. या कारखान्याचा तोटा दरवर्षी लेख्यांत दिसत होता आणि ते लेखे संसदेपुढे येत होते. घाटातील मजुरांचा किंवा मुळशीच्या मावळ्यांचा तोटा कोणत्याच लेख्यात नव्हता.

४

आता पुन्हा अभिभाषणाकडे वळता येईल. उजव्या मताने विचारलेला प्रश्न निःसंशय योग्य होता. हा प्रश्न नवाही नव्हता : १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी, दुष्काळाने गांजलेल्या देशात सरकारी खजिन्यात शिल्लक पडते ती सुबत्तेची नव्हे तर अवाजवी करांची खूण आहे, असे दाखवून दिले होते. परंतु गोखल्यांना वाचविलेला पैसा शिक्षणासारख्या कामांवर खर्च व्हावयास हवा होता. त्यांच्या टीकेचा हा अर्धा भाग नंतरच्या उजव्या मांडणीत क्षीण झाला.

त्या मांडणीत आणखी एक विसंगती होती. १९४४ च्या ‘मुंबई योजने’वर सह्या करणाऱ्या उद्योगपती-अर्थतज्ज्ञांत श्रॉफ हेही होते. १०,००० कोटी रुपयांच्या त्या योजनेत ३,४०० कोटी नव्या चलनाने उभे करण्याचे गृहीत धरले होते. १९५४ साली टाटांच्या तुर्भे येथील औष्णिक वीजकेंद्रास जागतिक बँकेने १६२ लक्ष डॉलरचे कर्ज दिले, त्यास भारत सरकारची हमी होती. म्हणजे खाजगी उद्योग सरकारी पतीचा आधार घेत होताच. आक्षेप होता तो ती पत दुसऱ्या कामांस वापरण्यास.

हा गुंता एका व्यक्तीच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथला. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले हिंदी गव्हर्नर १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. अर्थमंत्री म्हणून इंपीरियल बँकेचे व आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले, आणि शेनॉयांनी ज्या तुटीच्या अर्थभरण्यास विरोध केला ती दुसरी योजनाही त्यांच्याच काळात आखली गेली. जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी उभा केलेला उमेदवार हेच देशमुख होत. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन महिनाही लोटला नव्हता. वराहगिरी व्यंकट गिरी निवडून आले, नीलम संजीव रेड्डी दुसरे व देशमुख तिसरे राहिले. राष्ट्रीयीकरणाचा एके काळचा कर्ता आता त्याच्या विरोधकांचा आधार ठरला होता. मधल्या काळात त्यांच्या आर्थिक सावधपणाची ख्याती मात्र कायम होती.

पण ते निवडून आले असते तरी अभिभाषण वेगळे झाले असते काय? मुनशी यांनी राष्ट्रपतींना काही स्वतंत्र अधिकार आहेत असे १९६३ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले होते, आणि उजव्या मताची राष्ट्रपतिपदाविषयीची आशा बहुतांशी त्यावर उभी होती. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस प्रजासत्ताक दिनानिमित्त राष्ट्राला उद्देशून बोलताना साधनसंपत्तीच्या गैरव्यवस्थेबद्दल परखड नापसंती दर्शविली, तेव्हा ती आशा क्षणभर सार्थ वाटली. तथापि संसदेपुढील अभिभाषण मंत्रिमंडळाचेच राहिले, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे शब्दशः नमूद केले. खर्चाला आवर घालण्याचे काम राष्ट्रपतींच्या हाती कधीच नव्हते. ते आभारप्रदर्शनाच्या चर्चेत व अंदाजपत्रकावरील मतदानात बसलेल्या सभासदांचे होते. १९७४ साली स्वतंत्र पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला, आणि हे काम सातत्याने करणारा एक आवाज सभागृहातून कमी झाला.

कर्जत-खालापूरचा इतिहास या मताला पूर्णतः खोटे ठरवीत नाही की खरेही ठरवीत नाही. बोरघाटात खाजगी मालकी होती पण जोखीम रयतेची होती. खोपोलीस मालकी व जोखीम दोन्ही खाजगी होत्या, आणि तोच उपक्रम सर्वांत टिकाऊ ठरला. मुळशीत खाजगी लाभासाठी सरकारी सक्ती वापरली गेली. रसायनीत सर्वच सरकारी होते, आणि चुकीची किंमत निर्णय घेणाऱ्यांना मोजावी लागली नाही. या चारांतून निघणारा निष्कर्ष मालकीविषयीचा नसून जबाबदारीविषयीचा आहे. जो खर्चाचा निर्णय करतो त्यानेच तोट्याचा वाटा उचलावा, आणि ज्याची जमीन, श्रम वा पाणी त्या कामी लागते त्याचे नाव हिशेबात यावे. उजव्या मताने यांतील पहिली अट सरकारपुरती लावली, कंपन्यांना लावली नाही. दुसरी अट तर त्याने विचारातच घेतली नाही. घाटाखालच्या शेतकऱ्याला ते मत आपले वाटले नाही, याचे कारण येथे आहे.