हुमायूनचा बेडूक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात शाळकरी मुलांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो होतो. गडाच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. तो पाणी पितो आणि मग सावकाश ओढ्यांना सोडतो. अशाच एका ओढ्यापाशी एका मुलीने विचारले, "सर, इथे सॅलॅमँडर सापडेल का?" टीव्हीवर पाहिला होता तिने. अंग सरड्यासारखे, पण गोत बेडकाचे! मी म्हणालो, तो सह्याद्रीत नाही. त्याला पाहायचे तर पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूला जावे लागेल. मुलगी हिरमुसली. म्हणून तिला जी गोष्ट सांगितली, तीच आज आपल्याला सांगतो.

महाराष्ट्राच्या घाटातल्या ओढ्यांत एक छोटा, सुरकुतलेल्या कातडीचा बेडूक राहतो. दिवसा दगडाखाली, रात्री बाहेर. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी या प्राणिशास्त्रज्ञांनी त्याचे नामकरण केले, 'निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी'. हे हुमायून म्हणजे मोगल बादशहा नव्हेत बरे! हे मुंबईचे हुमायून अब्दुलअली, पक्षितज्ज्ञ. त्यांचा जन्म १९१४ साली जपानात, कोबे इथे झाला. म्हणजे महाकाय सॅलॅमँडरच्याच देशात, हाही एक योगायोग.

हा माणूस नुसता पाखरे मोजत बसला नाही. त्या काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जेवणासाठी जात. १९८१ साली हा माल चार हजार टनांच्या वर गेला होता. शेतातले किडे खाणारा बेडूकच परदेशी ताटात गेला, तर किडे कोण खाणार, असा साधा हिशेब अब्दुलअलींनी मांडला आणि लावून धरला. १९८७ साली निर्यात बंद झाली. तंगड्यांसाठी मारले जात ते शेततळ्यांतले मोठे बेडूक. ओढ्यातल्या या चिमुकल्याला कोण विचारतो!

त्याला विचारले ते पुढे. सातारा जिल्ह्यात कोयनेजवळ हुंबरळी गाव आहे. बर्ट विलार्ट, एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१२ या काळात तिथे चाळीस रात्री जागून काढल्या. सर्वसाधारणपणे नर बेडूक मादीला मिठी मारतो. हा मात्र मादीच्या पाठीवर येऊन हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, तिला धरत नाही. रेत तिच्या पाठीवर सोडतो आणि निघून जातो. अंडी ती नंतर घालते. पाठीवरून ओघळलेल्या रेताने ती फळतात. बेडकांच्या मीलनाचे सहा प्रकार ठाऊक होते, हा सातवा. २०१६ साली हे प्रसिद्ध झाले. आणखी गंमत म्हणजे, या जातीत मादीही आवाज देते. बेडकांत हे फार विरळा.

अंडी असतात पाण्यावर झुकलेल्या पानावर. पिल्ले बाहेर पडली की थेट खाली ओढ्यात. पान पाण्यावरच हवे, हातभर बाजूला असून चालत नाही.

उतरताना एके ठिकाणी ओढ्याकाठची झुडपे कोयत्याने साफ केलेली दिसली, बहुधा पर्यटकांना पाणी नीट दिसावे म्हणून. ती मुलगी थांबली. पाण्यावर एकही पान उरले नव्हते, ते तिनेच आधी पाहिले.