सायकल शर्यती, व्यावसायिक

वेतनावर किंवा बक्षिसांवर उपजीविका करणाऱ्या सायकलपटूंच्या, सार्वजनिक रस्त्यांवरून होणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यती. एका दिवसात संपणाऱ्या व अनेक टप्प्यांत विभागलेल्या असे त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. फ्रान्स, बेल्जियम व इटली हे देश या खेळाची मूळभूमी होत. या शर्यतींचे पल्ले प्रारंभी मानवी शरीराचा विचार करून ठरले नाहीत. ते वृत्तपत्रांच्या खपाकडे पाहून ठरले. त्या पल्ल्यांना पुरे पडेल असे शरीर कसे घडवावे, याचे शास्त्र पुष्कळ उशिरा विकसित झाले. मधल्या काळातील उणीव सायकलपटूंनी कधी हट्टाने, कधी चुकीच्या समजुतींच्या आधारे व अनेकदा औषधांनी भरून काढली.

दोन गावांमधील पहिली महत्त्वाची शर्यत ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआं या सु. १२३ किमी. अंतरावर झाली. तिच्या आयोजनातही एका सायकलविषयक नियतकालिकाचा हात होता. जेम्स मूर या इंग्रजाने ती साडेदहा तासांहून काहीशा अधिक वेळात जिंकली. डनलॉपने १८८८ मध्ये हवेची धाव प्रचारात आणल्यावर सायकलीचा वेग व तिच्यावरून कापता येणारे अंतर ही दोन्ही एकदम वाढली. १८९१ मध्ये बॉर्दो–पॅरिस (सु. ५७० किमी.) व पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस (सु. १,२०० किमी.) या शर्यती सुरू झाल्या. दुसरी शर्यत शार्ल तेराँ याने सु. ७१ तासांत, वाटेत झोप न घेता जिंकली. लिएझ–बास्तोन्य–लिएझ (१८९२), पॅरिस–रूबे (१८९६), लाँबार्डीची शर्यत (१९०५), मिलान–सान रेमो (१९०७) व फ्लँडर्सची शर्यत (१९१३) या पाच एकदिवसीय शर्यती पुढे सर्वांत प्रतिष्ठेच्या मानल्या जाऊ लागल्या.

तूर द फ्रान्स : या शर्यतीचा जन्म दोन वृत्तपत्रांच्या स्पर्धेतून झाला. ‘ल व्हेलो’ हे हिरव्या कागदावर छापले जाणारे क्रीडादैनिक फ्रान्समध्ये आघाडीवर होते. द्रेफ्यूस प्रकरणावरून त्याच्या संपादकाशी बिनसलेल्या काही उद्योगपतींनी १९०० मध्ये पिवळ्या कागदावरील प्रतिस्पर्धी दैनिक काढले. तेच पुढे ‘लोतो’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याचा संपादक आंरी देग्रांज (१८६५–१९४०) हा स्वतः सायकलपटू होता व १८९३ मध्ये त्याने एका तासात ३५·३२५ किमी. अंतर कापण्याचा विक्रम नोंदविला होता. दैनिकाचा खप वाढत नव्हता. तेव्हा झेओ लफेव्हर या तरुण वार्ताहराने संपूर्ण फ्रान्सला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना सुचविली. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँझरों येथून ६० सायकलपटू निघाले. एकूण अंतर २,४२८ किमी. होते व टप्पे केवळ सहा. पॅरिस–लियाँ हा पहिला टप्पाच ४६७ किमी. लांबीचा असल्याने रात्रीही सायकल चालवावी लागे. अखेरपर्यंत २१ जण पोहोचले. मॉरिस गारँ (१८७१–१९५७) हा विजेता पूर्वी धुराडी साफ करण्याचे काम करीत असे. दैनिकाचा खप सु. २५,००० वरून ६५,००० वर गेला व पुढच्याच वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले. १९०४ च्या शर्यतीत मात्र प्रेक्षकांची दंडेली व स्पर्धकांची लबाडी यांचा कहर झाला. गारँसह पहिले चौघे बाद ठरले आणि १९ वर्षांच्या आंरी कॉर्ने याला विजयी घोषित करण्यात आले.

देग्रांजच्या मते शर्यत ही एकाकी माणसाच्या मनोबलाची कसोटी होती. यंत्राला किंवा सोबत्याला तिच्यात वाव असता कामा नये. त्याचे नियम याच धारणेतून आले. गिअर बदलण्याच्या यंत्रणेस १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. चढ लागला की सायकलपटू खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत व दुसऱ्या बाजूच्या दंतचक्रावर साखळी चढवून पुढे जात. जादा धावा खांद्यांभोवती गुंडाळलेल्या असत. १९१० मध्ये पिरेनीज पर्वतातील तूर्माले, ओबिस्क इ. खिंडी मार्गात घालण्यात आल्या. ओबिस्कच्या चढावर अर्धवट पायी आलेल्या ओक्ताव्ह लापीझने (१८८७–१९१७) आयोजकांना तोंडावर खुनी म्हटले. ती शर्यत अखेर त्यानेच जिंकली. १९१३ मध्ये तूर्मालेवर अझेन क्रिस्तॉफच्या (१८८५–१९७०) सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. तो सायकल घेऊन कित्येक किमी. पायी उतरला आणि सेंत-मारी-द-काँपाँ या गावातील लोहाराच्या भट्टीत त्याने तो स्वतःच्या हाताने सांधला. भाता एका मुलाने चालविला, एवढ्या कारणावरून पंचांनी त्याला दंड केला. नियमाच्या अक्षराला इतके जपणाऱ्या आयोजकांनीच पिवळ्या सदऱ्याचा मान प्रथम दिला (१९१९) तो याच क्रिस्तॉफला. आघाडीवरील स्पर्धकाने घालावयाच्या या सदऱ्याचा रंग दैनिकाच्या कागदाचा होता. पल्ल्याची परिसीमा १९२६ मध्ये गाठली गेली : १७ टप्प्यांत ५,७४५ किमी., म्हणजे दर टप्प्याला सरासरी सु. ३३८ किमी. अशा टप्प्यावर वेगाला अर्थ उरत नसे. दिवसाची सरासरी ताशी २४–२५ किमी.च्या घरात राही.

या व्यवस्थेला पहिले मोठे आव्हान १९२४ मध्ये मिळाले. थंडीमुळे पहाटे अंगावर चढविलेला जादा सदरा ऊन चढल्यावर टाकून देण्यास नियमाने मनाई होती. पंचाने सदरे मोजल्याच्या रागाने आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिस्ये, त्याचा भाऊ फ्रांसिस व सहकारी मॉरिस व्हील यांनी कूतांस येथे शर्यत सोडली. तेथील रेल्वे स्थानकाजवळच्या उपाहारगृहात त्यांनी आल्बेर लोंद्र (१८८४–१९३२) या पत्रकारासमोर आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या : डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि निरनिराळ्या गोळ्या. हा वृत्तांत ‘ल प्ती पारिझियँ’मध्ये प्रसिद्ध झाला. सायकलपटूंना उद्देशून ‘रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. पेलिस्येने त्यात काही भर घातली असावी, असे फ्रांसिसने पुढे सूचित केले. तथापि औषधे हा अपवाद नसून नेहमीचाच शिधा होता, हे पुढील घटनांनी दाखवून दिले.

प्रशिक्षणाची वाटचाल : दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे प्रशिक्षण म्हणजे शक्य तेवढे अंतर तोडणे. शर्यतीच्या पहाटे मांसाचे भरपेट जेवण घेणे हितकर आणि वाटेत पाणी पिणे हानिकारक, अशी समजूत होती. दुसरी समजूत तर कित्येक दशके टिकली व उन्हाळ्यातील डोंगराळ टप्प्यांवर ती जिवावर बेतणारी होती. फाउस्तो कॉप्पी (१९१९–६०) या इटालियन सायकलपटूने या दिनक्रमाची फेरतपासणी केली. बिआजो काव्हान्ना या अंध मर्दनकाराच्या मार्गदर्शनाखाली त्याने आहार, विश्रांती व सराव यांची शिस्त बसविली. इटलीची जीरो (स्थापना १९०९) व तूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला सायकलपटू ठरला (१९४९). १९५२ मध्ये त्याने हा पराक्रम पुन्हा केला. मात्र आपण उत्तेजके घेतो, हे त्यानेही लपविले नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ख येथे गेर्श्लर व राइंडेल यांनी १९३० नंतरच्या दशकात धावपटूंसाठी विकसित केलेली विरामयुक्त प्रशिक्षणपद्धती, म्हणजे तीव्र श्रम व अल्प विश्रांती यांची आवर्तने, कालांतराने सायकलपटूंनीही स्वीकारली.

दमसास म्हणजे नुसती सोशिकता नव्हे. दीर्घकाळ हलक्या श्रमांच्या सरावाने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जानिर्मिती करणारे सूक्ष्म घटक (मायटोकाँड्रिया) वाढतात. त्यामुळे स्नायू मेदाचा अधिक वापर करू लागतात व ग्लायकोजेनचा मर्यादित साठा चढासाठी आणि अखेरच्या मुसंडीसाठी शिल्लक राहतो. तूर द फ्रान्समधील सायकलपटूंचा दैनंदिन ऊर्जाव्यय विश्रांत अवस्थेतील चयापचयाच्या चार ते पाच पट असतो, असे १९८० नंतरच्या दशकातील मापनांतून दिसून आले. एवढी ऊर्जा जेवणाच्या वेळी भरून काढणे कठीण असल्यामुळे सायकलवरच तासाला ९० ग्रॅ. किंवा त्याहून अधिक पिष्टमय पदार्थ घेतले जातात. त्यासाठी पचनसंस्थेलाही सराव द्यावा लागतो. सायकलपटू वर्षाला सु. ३०,००० किमी. सायकल चालवितो, पैकी बराच भाग तीव्र श्रमांचा नसतो. सु. २,००० मी. उंचीवर काही आठवडे राहून तांबड्या पेशींची संख्या वाढविणे हाही प्रशिक्षणाचा भाग झाला आहे. उलरिख शोबरर या जर्मन अभियंत्याने १९८६ च्या सुमारास पायट्याच्या दांड्यावरील ताण मोजून निर्माण होणारी शक्ती वॉटमध्ये दाखविणारे उपकरण तयार केले. वारा, चढ व गटाच्या आडोशाने मिळणारी बचत यांमुळे वेगावरून श्रमांचा अंदाज बांधता येत नसे. ती अडचण त्याने दूर झाली.

औषधे व नियंत्रण : फ्रान्सने १९६५ मध्ये क्रीडाक्षेत्रातील उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. पुढील वर्षी तूरमध्ये पहिल्या चाचण्या झाल्या, तेव्हा सायकलपटूंनी बॉर्दोजवळ सायकलींवरून उतरून निषेध नोंदविला. १३ जुलै १९६७ रोजी भर उन्हात व्हांतू पर्वताच्या चढावर टॉम सिंप्सन (१९३७–६७) हा १९६५ चा ब्रिटिश जगज्जेता कोसळला व मृत्यू पावला. त्याच्या शरीरात अँफेटामीन व मद्य आढळले. अँफेटामीन शक्ती देत नाही, थकव्याची जाणीव बोथट करते. शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीवर गेले तरी सायकलपटू थांबत नाही. मद्य व अपुरे पाणी यांनी ही अवस्था आणखी बिघडते. १९६८ पासून नियमित चाचण्या होऊ लागल्या.

त्यानंतरचा धोका वेगळ्या स्वरूपाचा होता व तो प्रयोगशाळेतून आला. १९८४ मध्ये मेक्सिको सिटी येथे फ्रांचेस्को मोझरने तासाला ५१·१५१ किमी.चा विक्रम केला. त्यामागील संशोधकांच्या तयारीचे कौतुक झाले. रक्तसंक्रमणाचाही तीत वाटा होता, हे मोझरने नंतर मान्य केले. त्या वेळी ते निषिद्ध नव्हते. १९९० नंतर एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) या संप्रेरकाने तांबड्या पेशी वाढविण्याचा प्रकार बोकाळला. तो ओळखणारी चाचणी नसल्याने १९९७ मध्ये रक्तातील पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. वस्तुतः त्यामुळे तेवढ्यापर्यंतची मुभाच मिळाली. १९९८ मध्ये फेस्टिना संघ औषधांच्या साठ्यावरून शर्यतीबाहेर काढला गेला. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधील सातही विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द झाली आणि ती जागा कोणालाही न देता रिकामी ठेवण्यात आली. २००८ पासून सायकलपटूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ताडून पाहिल्या जातात.

सध्याची तूर २१ टप्प्यांची व सु. ३,४०० किमी.ची असून तीत दोन दिवस विश्रांतीचे असतात; विजेत्याची सरासरी ताशी ४० किमी.च्या वर गेली आहे. स्त्रियांची शर्यत १९८४ मध्ये तूरला जोडून सुरू झाली. मारिआन मार्टिन ही अमेरिकन पहिली विजेती होय. काही वर्षांतच ती बंद पडली. पुढे निरनिराळ्या नावांनी झालेल्या प्रयत्नांनंतर २०२२ मध्ये तूर द फ्रान्स फाम ही आठ टप्प्यांची शर्यत भरली व नेदरलँड्सच्या आनेमीक व्हान फ्लूटेन हिने ती जिंकली. अतिउष्णता, हिमवर्षाव वा वादळी वारे असल्यास आयोजक, पंच व सायकलपटूंचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून टप्पा लहान करावा, त्याची वेळ बदलावी किंवा तो रद्द करावा, असा नियम आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१६ पासून लागू केला आहे.