वर्तुळातलं मूल कुणाचं?

दोन बायका, एक मूल. दोघी म्हणतात, माझं. न्याय करणारा म्हणतो, ओढा! ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या रूपात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. भूसंपादनाच्या बातम्या लिहिताना मला ती सारखी आठवते, म्हणून ही पोस्ट. जरा लांबलीय, सांभाळून घ्या.

जातककथेत एक यक्षीण बाईचं बाळ पळवते. शहाणा महोसध जमिनीवर रेघ ओढतो, बाळ मधोमध ठेवतो. एकीच्या हाती हात, दुसरीच्या हाती पाय. बाळ रडलं तसं खऱ्या आईने सोडून दिलं. बायबलातल्या शलमोन राजाने तर थेट तलवारच मागवली.

चीनमध्ये युआन राजवटीत याचं नाटक झालं. थोरली बायको नवऱ्याला विष घालते, आळ धाकट्या हायतांगवर ढकलते आणि वर मूलही आपलंच म्हणते. का? तर इस्टेट मुलाच्या नावावर येणार! न्यायाधीश बाओ चुन्याचं वर्तुळ आखतो. हायतांग ओढत नाही, म्हणून जिंकते. १८३२ साली हे नाटक फ्रेंचमध्ये गेलं, १९२५ साली क्लाबुंडने ते जर्मन रंगभूमीसाठी नव्याने लिहिलं. इथपर्यंत निकाल एकच, जन्म देणारीच खरी आई.

मग आला ब्रेख्त. हिटलरमुळे देश सोडून अमेरिकेत राहत असताना, १९४४ साली त्याने गोष्ट जॉर्जियात नेली आणि उलटीच केली. दंगलीत गव्हर्नरची बायको कपड्यांचे पेटारे आवरत बसते आणि पोटचं पोर विसरून पळते. ग्रुशा नावाची मोलकरीण ते पोर उचलते, डोंगरदऱ्या तुडवत वाढवते. पुढे इस्टेटीसाठी आईला मूल आठवतं. अझ्दाक हा लाचखाऊ, दारुडा न्यायाधीश (पण माणूस भारी!) वर्तुळ आखतो. ग्रुशा दोन्ही वेळा हात सोडते, आणि मूल तिला मिळतं. रक्ताचं नातं हरलं, सांभाळणारी जिंकली.

हे नाटक पहिल्यांदा झालं १९४८ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटात, कॉलेजच्या पोरांनी केलं. आपल्याकडे मुंबई राज्याचा कूळकायदा झाला तोही १९४८चाच. कसेल त्याची जमीन आणि सांभाळेल तिचं मूल! योगायोगच, पण मला तो भारी वाटतो. पुढे चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं, 'अजब न्याय वर्तुळाचा'. विजयाबाई मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झच्या साथीने ते बसवलं, आणि आपली मंडळी ते थेट पूर्व जर्मनीत करून आली.

आता माझी खरी अडचण. ब्रेख्तच्या नाटकाला सुरुवातीला एक प्रवेश आहे, तो बरेच दिग्दर्शक प्रचारकी म्हणून कापतात. युद्धानंतर एका खोऱ्यावर दोन शेतकरी गट हक्क सांगतात. शेळ्या पाळणारे मूळचे तिथले. फळबागवाल्यांकडे पाटबंधाऱ्याची योजना आहे. खोरं बागवाल्यांना मिळतं, कारण ते त्याचा जास्त चांगला उपयोग करतील. मला वाटतं तो प्रवेश कापूच नये. कारण हा युक्तिवाद दुधारी आहे. कुळाच्या तोंडी तो न्याय वाटतो. तोच १९२१ साली मुळशीत मावळ्यांच्या अंगावर आला. धरण बांधून मुंबईला वीज द्यायची, तुमच्या भातखाचरांपेक्षा हा उपयोग मोठा! सेनापती बापटांचा सत्याग्रह त्यातूनच उभा राहिला. तरी धरण झालंच. आजही प्रकल्पाची प्रत्येक प्रेस नोट हीच भाषा बोलते. 'उपयोग' मोजायचा कुणी, हे त्यात कधीच लिहिलेलं नसतं.

ब्रेख्तच्या प्रवेशात निदान शेळ्यावाल्यांसमोर नकाशा उलगडून ठेवतात. ते प्रश्न विचारतात, भांडतात, मग हो म्हणतात. मी कव्हर केलेल्या गेल्या जनसुनावणीत नकाशा साहेबांच्या टेबलावर गुंडाळलेलाच होता.