नर्न्स्टचा दिवा आणि माझी गाडी

गेल्या पावसाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला आणि काही केल्या जाईना. गाडी 2013 सालची, पेट्रोलवरची, लाखाच्या वर किलोमीटर झालेली. पिकअप मंदावला होता, ॲव्हरेजही उतरलं होतं. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. पी 0133. "पुढचा ऑक्सिजन सेन्सर सुस्त झालाय, साहेब. बदलायचा तर बदला, नाहीतर दिवा बंद करून देतो. गाडी चालतेय, पीयूसी मिळतेय, कशाला खर्च?"

मी नको म्हणालो. सेन्सर विकत आणला आणि रविवारी स्वतःच बदलायचं ठरवलं. तोवर आठवडाभर या अंगठ्याएवढ्या वस्तूविषयी वाचत बसलो.

तिचं काम सांगायला सोपं आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. या प्रमाणाच्या अगदी जवळपास राहिलं, तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींचा एकदम बंदोबस्त करू शकतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे सेन्सर सांगतो, आणि त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. आत झिर्कोनियाच्या सिरॅमिकची टोपी असते. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की वीजदाब तयार होतो. पेट्रोल जास्त झालं की 0.9 व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली की 0.1.

हा दाब किती असेल ते काढायचं समीकरण वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानं 1889 मध्ये मांडलं. गंमत म्हणजे ती माती, म्हणजे यट्रिया मिसळलेला झिर्कोनिया, हीसुद्धा त्याचीच. 1897 च्या सुमारास त्यानं तिच्या कांडीचा विजेचा दिवा केला. पण कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे. आधी ती तापवावी लागे. टंगस्टनच्या तारेचे दिवे आल्यावर हे लोढणं कुणाला हवंय? दिवा गेला, माती राहिली. तिच्यातून वीज नेमकं कोण वाहतं, तर ऑक्सिजनचे आयन, हे 1943 मध्ये कार्ल वाग्नरनं उलगडलं. तापवल्याखेरीज काम न करण्याची खोड मात्र अजून तशीच आहे. माझ्या सेन्सरला चार वायरी आहेत, त्यातल्या दोन केवळ त्याला तापवणाऱ्या हीटरच्या.

त्याच 1943 च्या जुलैत लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुकं उतरलं. युद्धाचे दिवस, जपान्यांनी विषारी वायू सोडला अशीही आवई उठली. मग कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन करणाऱ्या एका कारखान्यावर खापर फुटलं. खरा गुन्हेगार शोधला आरी हागेन-स्मिट यानं. हा कॅल्टेकमधला डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. तीच हातोटी त्यानं शहराच्या हवेवर चालवली. मोटारींचा नि तेलउद्योगाचा धूर आणि ऊन मिळून हे धुकं होतं, हे त्यानं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. तेलवाल्यांना आणि मोटारवाल्यांना ते अर्थातच पटलं नाही.

पुढे 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि 1975 च्या अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर आले. 1976 मध्ये व्होल्वोनं बॉशचा सेन्सर बसवलेल्या गाड्या कॅलिफोर्नियात आणल्या. पुढच्या जाळीवर 'लॅम्बडा सोंड' असं बिरुद मिरवत असे.

आता शिशाची गोष्ट. 1923 पासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत, इंजिन ठोकू नये म्हणून. शिसं विषारी हे तेव्हाही ठाऊक होतं. पण अमेरिकेत 1974 पासून पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल ठेवणं भाग पडलं ते शिशानं कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून. पेट्रोलमधलं शिसं घटलं तसं लोकांच्या रक्तातलंही घटलं, हे 1976 ते 1980 च्या पाहणीत दिसलं. माणसाच्या रक्तापेक्षा प्लॅटिनमचा थर आधी विचारात घेतला गेला, असं मी म्हणतो. कुणाला हे अन्यायाचं वाटेल. मला नाही वाटत.

आपल्याकडे एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं रेटा लावला. एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. देशभरातून शिसं गेलं फेब्रुवारी 2000 मध्ये. माझे वडील, अण्णा, 1969 पासून दादरच्या एका पंपावर होते. बिनशिशाचा पंप बसला त्या दिवशी घरी येऊन ते आईला म्हणाले होते, "गाडीची नळी खराब होते म्हणून शिसं काढलं. आमच्या नाकाला कुणी विचारलं नव्हतं." मी तेव्हा कॉलेजात होतो आणि वाक्य सोडून दिलं होतं. गॅरेजवाला दिवा बंद करतो म्हणाला तेव्हा ते आठवलं.

शनिवारी रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारलं. रविवारी इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, कारण कोमट धातू लवकर सुटतो. हात मात्र भाजला. 22 चा पाना लावला तर सेन्सर जागचा हलेना. अण्णा खुर्ची टाकून बाजूला बसले होते. "झटका दे, लोंबकळू नकोस," म्हणाले. तिसऱ्या झटक्याला करकरत सुटला. नव्याच्या आट्यांना कंपनीनंच पेस्ट लावलेली होती. ती टोकाला लागू दिली नाही. सिलिकॉनचं काही जवळ आणलं नाही, तेही त्याला शिशासारखंच मारतं. आधी हातानं फिरवला, मग पान्यानं बेतानं आवळला. मागचा सेन्सर धड होता, त्याला हात लावला नाही.

कोड पुसून फोनवर आलेख लावला. इंजिन तापलं तशी पुढची रेघ 0.1 ते 0.9 मध्ये भराभर नाचू लागली, मागची जवळजवळ सपाट. म्हणजे कन्व्हर्टर जिवंत होता.

अण्णा काजळी धरलेला जुना सेन्सर हातात फिरवत होते. "शिशाच्या पेट्रोलवर हा किती टिकला असता?"

"फार नाही."

"मी 31 वर्षं टिकलो," ते म्हणाले, आणि हात धुवायला साबण मागितला.