अणुकरार आणि बलवानांचा शब्द

अण्वस्त्रप्रसारबंदी करार ५ मार्च १९७० रोजी अंमलात आला. मुळात तो एक सौदा होता. ज्या पाच देशांनी १९६७ पूर्वी अणुस्फोट केले होते, तेवढेच अण्वस्त्रधारी मानले जातील. बाकीच्यांनी बॉम्ब बनवायचा नाही. त्याबदल्यात त्यांना शांततामय कामासाठी अणुतंत्रज्ञान मिळेल आणि निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी होतील, असे कलम ६ मध्ये लिहिले गेले.

या दोन वचनांतला फरक पाहा. ज्यांनी बॉम्ब न बनवण्याचे वचन दिले, त्यांच्या अणुकेंद्रांत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक जातात, कॅमेरे लावतात, युरेनियम मोजून सील करतात. ज्यांनी अस्त्रे कमी करण्याचे वचन दिले, त्यांना या करारात ना मुदत आहे ना तपासनीस. १९९६ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सांगितले की या वाटाघाटी नुसत्या सुरू ठेवून चालणार नाही, त्या शेवटाला नेल्या पाहिजेत. ते मत कागदावरच राहिले.

याचा एक अनुभव महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही आला आहे. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार तारापूरच्या अणुवीज केंद्राला तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवण्याची जबाबदारी अमेरिकेने घेतली होती. १९७४ मध्ये भारताने पोखरणला स्फोट केला आणि १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. सर्व अणुकेंद्रे तपासणीखाली आणणाऱ्या देशांनाच यापुढे इंधन मिळेल, अशी त्यात अट होती. जुन्या कराराला नवी अट लागू झाली, इंधन अडले आणि शेवटी १९८२ साली फ्रान्सला पुढे करून मार्ग काढावा लागला. पोखरणसाठीचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, ते ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतले होते. ती भट्टी मात्र कॅनडाच्या मदतीने, शांततामय वापराच्या बोलीवर उभी राहिली होती आणि कॅनडाच्या मते शब्द भारतानेच मोडला. म्हणजे तक्रार दोन्ही बाजूंना होती, पण करार एकतर्फी बदलण्याची ताकद एकाच बाजूकडे होती.

युक्रेनची गोष्ट अधिक कडू आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा त्याच्या भूमीवर राहिला. तो डागण्याची यंत्रणा मॉस्कोच्या हाती होती, हे खरे. तरीही ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी आश्वासन दिले. १९९६ पर्यंत शेवटचे अण्वस्त्र रशियाला गेले. २०१४ मध्ये त्याच रशियाने क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये पूर्ण आक्रमण केले. उरलेल्या दोघांनी शस्त्रे आणि पैसा दिला, पण युक्रेनसाठी लढण्याचे वचन त्या कागदात कधी नव्हतेच. सह्या झाल्या तेव्हा ‘हमी’ आणि ‘आश्वासन’ या दोन शब्दांतले अंतर कुणाला महत्त्वाचे वाटले असेल?

आता इराण. १४ जुलै २०१५ च्या व्हिएन्ना करारात इराणने युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर ठेवण्याचे मान्य केले. हजारो सेंट्रिफ्यूज काढून ठेवले. सुरक्षा परिषदेने ठराव २२३१ द्वारे कराराला मान्यता दिली. इराण अटी पाळत आहे, असे अहवाल निरीक्षक वारंवार देत होते. तरीही ८ मे २०१८ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढले आणि निर्बंध पुन्हा लादले. साधारण वर्षभर थांबून इराणने एकेक मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये समृद्धीकरण ६० टक्क्यांवर नेले. जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि नंतर अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. प्रसारबंदी करारावर इस्रायलने सहीच केलेली नाही. इराण मात्र सुरुवातीपासून त्याचा सदस्य आहे.

याचा अर्थ दुर्बल देश नेहमी प्रामाणिक असतात असा नाही. इराणने नतांझचे केंद्र लपवले होते आणि ते २००२ मध्ये उघडकीस आले. उत्तर कोरियाने सदस्य असतानाच गुप्तपणे काम केले, २००३ मध्ये करार सोडला आणि २००६ मध्ये स्फोट केला. दुसरीकडे, शीतयुद्धातला सत्तर हजारांच्या आसपासचा जागतिक साठा आज बारा हजारांच्या जवळपास आला आहे, हेही नाकारता येत नाही. पण ही घट मुख्यतः अमेरिका आणि रशिया यांनी आपापसात केली, दोघांनाही एकमेकांची भीती होती म्हणून. जिथे समोरच्याची भीती नव्हती, तिथे शब्द टिकला नाही.

हा नैतिकतेचा प्रश्न आहेच, पण त्याहून तो सुरक्षेचा प्रश्न आहे. लिबियाच्या गद्दाफींनी २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये नाटोच्या बॉम्बवर्षावात त्यांची राजवट कोसळली. प्याँगयाँगने त्यातून काढलेला धडा जाहीरपणे सांगितला आहे : बॉम्ब सोडणारा मरतो. हा धडा उद्या आणखी राजधान्यांत गिरवला गेला, तर तो शिकवणारे कोण होते हे विसरू नये. प्रसारबंदीला सर्वात मोठा धोका तेहरान किंवा प्याँगयाँगच्या तळघरांत शोधला जातो. करारावर सही करून तो सोयीने मोडता येतो, असे जगाला दाखवणाऱ्या राजधान्यांतही तो शोधायला हवा.