क्रियापदाचे शेपूट

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना मोठ्या शब्दांची भीती वाटत नाही. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' हे शब्द ती एका रात्रीत पाठ करतात. ती अडतात 'पुट'सारख्या चिमुकल्या क्रियापदापाशी. 'पुट' म्हणजे ठेवणे. मग 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे कसे? "पाठ करा" हे याचे नेहमीचे उत्तर. मला मात्र खरे उत्तर इतिहासात सापडते.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत असे छोटे शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी जोडले जात. आपल्याला हे नवे नाही. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. 'अंडरस्टँड' हा त्या जुन्या घडणीचा आजही जिवंत असलेला शब्द. पुढे हे शब्द हळूहळू क्रियापदाच्या मागे गेले. उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेमुळे या बदलाला बळ मिळाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. बाराव्या शतकातल्या पीटरबरो बखरीत किल्ले स्वाधीन करण्याच्या संदर्भात 'गिव्ह अप'चे जुने रूप आढळते.

दरम्यान १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली, विद्वानांकडे लॅटिन होतीच. न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याचा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले. त्यामुळे एकाच अर्थाचे दोन शब्द नांदू लागले, एक कागदावरचा आणि एक घरातला. गंमत अशी, की 'पोस्टपोन'ची लॅटिन फोड केली तर 'नंतर' आणि 'ठेवणे' हेच हाती येते. म्हणजे 'पुट ऑफ'शी त्याचे नाते जवळचेच. एकाने शेपूट पोटात दडवले, दुसऱ्याने उघड मिरवले, इतकेच.

डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परक्यांना सर्वांत जड जाणारा हाच प्रकार, असे नमूद केले आणि असे प्रयोग कोशात कसोशीने टिपले. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाले.

आपली मराठी तरी कुठे सोपी आहे? 'खाऊन टाक' यात काहीच टाकायचे नसते. 'पैसे हरवून बसला' यात कोणी बसत नाही. 'टाकणे' तिथे काम पुरते उरकल्याचे सांगते. 'ईट अप'मधला 'अप' नेमके तेच करतो. 'टाकणे'चे असे अर्थ आपण यादीतून शिकलो नाही, आईच्या बोलण्यातून शिकलो.

म्हणून मराठी माध्यमातला मुलगा मुलाखतीत 'पुट ऑफ' ऐकून गोंधळला, तर त्याला कच्चा ठरवू नये. त्याला कागदावरचे इंग्रजी मिळाले, घरातले मिळाले नाही. ते द्यायचे तर याद्या बाजूला ठेवून त्याला वाक्ये ऐकवावी लागतील, गोष्टी वाचायला द्याव्या लागतील. आणि 'अप'चा अर्थ सांगताना 'टाकणे'ची आठवण करून द्यावी. आपल्याच भाषेची किल्ली या कुलपाला लागते, हे कळले की निम्मी भीती तिथेच सरते.