ओव्हलसमोरची घरे आणि तोफांचा पल्ला

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला १९३० च्या दशकात रज्जब महाल, एम्प्रेस कोर्ट, कोर्ट व्ह्यू अशा आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरून सलग फिरणारे छज्जे, दर्शनी भिंतीवर उठावाच्या अक्षरांत घातलेले इमारतीचे नाव, हे सारे डोळे भरून पाहता येते, कारण समोर काहीच बांधलेले नाही. या मोकळ्या जागेचे श्रेय नगररचनाकारांना दिले जाते. माझ्या मते त्यांच्याआधी ते तोफांचे आहे, आणि त्याच्या मुळाशी मराठ्यांचा धाक आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. कोटाभोवती खंदक खणायला व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. पण नुसत्या खंदकाने भागत नव्हते. तोफांचा मारा मोकळा राहावा आणि चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून कोटाबाहेरचे माड तोडले गेले, घरे हटवली गेली. १८०३ च्या आगीनंतर हा पट्टा आणखी वाढवला. तोच एस्प्लनेड; आजचे ओव्हल त्याचाच उरलेला भाग. उन्हाळ्यात साहेबलोक तिथे तंबू आणि हंगामी बंगले थाटत, पण पावसाळ्यापूर्वी ते उठवावे लागत. पक्क्या भिंतीला तिथे थारा नव्हता.

यावर कोणी म्हणेल, तट तर १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात पडले. पुढे विद्यापीठ आणि हायकोर्ट बांधताना ओव्हल मोकळे ठेवले ते मुलकी सरकारने. खरे आहे, आणि त्या निर्णयाचे मोल मोठे आहे. पण तो घेता आला, कारण शतकभर रिकामी राखलेली जमीन सरकारच्याच हातात होती. कोटाच्या आत पाहा: बॉम्बे ग्रीन या मोकळ्या जागेचा अपवाद सोडला, तर तिथे दाटीवाटीच होती आणि तट पडल्यावरही ती हटली नाही. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. ओव्हलसमोरची ही घरे बॅकबेच्या भरावावर उभी आहेत. तोफांच्या काळात तिथे समुद्र होता. मान्य. पण भराव दूरवर पसरला होता, आणि या रांगेला इतर रांगांपेक्षा वेगळे काय मिळाले, तर समोरचे मैदान. त्यापलीकडे हायकोर्ट दिसते, म्हणून तर एका इमारतीचे नाव कोर्ट व्ह्यू. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या ९४ इमारतींत मैदानाच्या दोन्ही काठांना एकत्र स्थान मिळाले, तेही याच मोकळ्या पट्ट्याच्या आधाराने.